डाग दिसला म्हणजे गर्भ गेला, हा गैरसमज
पहिल्या तीन महिन्यांत अंगावरून थोडेसे जरी गेले तरी गर्भ पडलाच, आणि तो वाचवायचा तर बाईने खाटेवरून उठूच नये, हा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्याचे दोन्ही भाग चुकीचे आहेत. पहिल्या 12 आठवड्यांत सुमारे चारपैकी एका गर्भवतीला कमीअधिक रक्तस्राव होतो आणि त्यांतील बहुतेकींची गर्भधारणा पुढे टिकते. या काळात गर्भाशयमुख नाजूक झालेले असते, त्यामुळे संबंधानंतर किंवा तपासणीनंतरही अंतर्वस्त्रावर गुलाबी वा तपकिरी डाग दिसू शकतो. नुसत्या रंगावरून निदान होत नाही, त्यासाठी सोनोग्राफी लागते. ती फार लवकर केली तर हृदयाचे ठोके दिसत नाहीत, म्हणून एक-दोन आठवड्यांनी पुन्हा करतात. ही वाट पाहणेच सर्वांत जड जाते.

सुरुवातीच्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भपातांचे कारण गर्भाच्या गुणसूत्रांतील दोष हे असते, आणि हा दोष जिना चढल्याने किंवा कपडे धुतल्याने निर्माण होत नाही, तसाच सक्तीच्या विश्रांतीने नाहीसाही होत नाही. ‘तूच जपले नाहीस’ हे वाक्य म्हणूनच क्रूर तर आहेच, शिवाय खोटेही आहे.

मात्र तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल, ओटीपोटात एका बाजूला तीव्र कळ येत असेल, खांद्याच्या टोकाशी दुखत असेल किंवा भोवळ येत असेल, तर गर्भ गर्भाशयाऐवजी गर्भनलिकेत रुजल्याची शक्यता धरून तत्काळ रुग्णालय गाठावे. रक्तगट आरएच निगेटिव्ह असल्यास तेही डॉक्टरांना आवर्जून सांगावे.