जिऱ्यातला ‘बदाम’: ॲलर्जीच्या चाचण्यांची पार्श्वभूमी

मसाल्याच्या धंद्यात २०१५ ची सुरुवात जिऱ्याने गाजवली. अमेरिकेत जिरेपुडीत शेंगदाण्याचा अंश सापडला आणि ती पूड वापरलेली शेकडो उत्पादनं बाजारातून परत मागवली गेली. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये जिरेपूड आणि पॅप्रिका यांत बदाम असल्याचे अहवाल आले. तिथल्या सरकारी रसायनतज्ज्ञांच्या प्रयोगशाळेने फेरतपासणी केली, तेव्हा पॅप्रिकात बदाम खरोखरच निघाला. जिऱ्यात मात्र निघाला महलेब, म्हणजे बदामाच्याच कुळातल्या एका चेरीच्या बियांचा मसाला. नेहमीच्या चाचणीला दोघांतला फरक कळलाच नव्हता. वाशीच्या मसाला बाजारातून माल बाहेर पाठवणाऱ्यांनी ही घटना नीट समजून घ्यायला हवी, कारण एका चुकीच्या ‘आढळले’वर अख्खा कंटेनर अडकू शकतो आणि एका चुकीच्या ‘आढळले नाही’वर कुणाचा तरी जीव.

ही नेहमीची चाचणी म्हणजे एलायझा. एव्हा एंगव्हाल आणि पीटर पर्लमान यांनी ती १९७१ मध्ये स्टॉकहोममध्ये मांडली. प्रतिपिंड (अँटीबॉडी) ठरावीक प्रथिनाला चिकटतं आणि रंग उमटतो. अन्न तपासायच्या बहुतेक तयार किटमध्ये रंग जितका गडद, तितकं प्रथिन जास्त. कोडेक्सने, म्हणजे अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या संस्थेने, १९९९ मध्ये ॲलर्जीकारक पदार्थांच्या आठ गटांची यादी स्वीकारली, पाठोपाठ युरोपने २००३ मध्ये आणि अमेरिकेने २००४ मध्ये कायदे केले. किटना मागणी आली. प्रत्येक कंपनीने प्रतिपिंड आपलं वापरलं आणि मोजायची पट्टीही आपलीच. गोंधळाचं मूळ इथेच आहे.

दुधाचंच घ्या. एक किट केसीन हे प्रथिन शोधतं, दुसरं व्हेमधलं, म्हणजे दूध फाटल्यावर सुटणाऱ्या पाण्यातलं, बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन. बिस्किटात नुसती व्हे पावडर असेल तर पहिल्याच्या हाती फारसं काही लागत नाही. एककांचा घोळ तर याहून वाईट. शेंगदाण्यात प्रथिन साधारण पाव हिस्सा असतं, म्हणजे किलोमागे १० मिलिग्रॅम शेंगदाणा-प्रथिन आणि ४० मिलिग्रॅम शेंगदाणा या एकाच प्रमाणाच्या दोन नोंदी. अहवालात नुसतंच ‘शेंगदाणा १०’ लिहिलेलं असेल, तर वाचणाऱ्याने काय समजायचं?

शिवाय प्रथिन आधी पदार्थातून सुटून द्रावणात यावं लागतं. चॉकलेटमधली पॉलिफेनॉल्स ही कोकोतली रसायनं त्याला धरून ठेवतात, म्हणून अर्क काढताना माशाचं जिलेटिन किंवा दूध पावडर घालतात. दूधच शोधायचं असेल तर अर्थातच पावडर चालत नाही. भाजल्या-तळल्यावर प्रथिनं आणखी घट्ट होतात. आपल्या खमंग भाजलेल्या मसाल्यांना, तळलेल्या फरसाणाला हे थेट लागू पडतं. यावर सर्वांत नेटकं काम जपानने केलं, असं मला वाटतं. सक्तीच्या लेबलांबरोबरच त्यांनी किलोमागे १० मिलिग्रॅम प्रथिनाची मर्यादा ठरवली, समान मानक पदार्थ दिले आणि तापवलेल्या अन्नातूनही प्रथिन सोडवणारं अर्कद्रावण किटमध्ये आणलं.

इतरत्र हे सावकाश घडलं. अमेरिकेच्या मानक संस्थेचं पीनट बटर बऱ्याच काळपर्यंत शेंगदाण्याची पट्टी म्हणून वापरलं गेलं. मास स्पेक्ट्रोमेट्रीने, म्हणजे रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या तंत्राने, प्रथिनाचे तुकडे थेट ओळखता येऊ लागले आणि २०१६ मध्ये एओएसी या चाचणी-पद्धती प्रमाणित करणाऱ्या संस्थेने त्या पद्धतीसाठी कामगिरीचे निकष ठरवले. २०२१ मध्ये एफएओ (अन्न व कृषी संघटना) व डब्ल्यूएचओच्या तज्ज्ञांनी संदर्भमात्रा, म्हणजे ॲलर्जी असलेल्या बहुतेकांना जिच्यापर्यंत त्रास होत नाही अशा मात्रा, सुचवल्या: शेंगदाण्यासाठी २ मिलिग्रॅम प्रथिन, कोळंबीसाठी २००. याचा अर्थ, ५० ग्रॅम फरसाण खाणाऱ्यासाठी किटला किलोमागे ४० मिलिग्रॅम शेंगदाणा-प्रथिन खात्रीने दिसलं पाहिजे. किती बारीक मोजायचं, याला त्यामुळे आधार मिळाला.

भारतात एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबल नियमांनी आठ गटांची नोंद सक्तीची केली. ती पाकीटबंद मालाला. लालबागला डोळ्यांदेखत कांडून घेतलेला मालवणी मसाला त्यात येत नाही, आणि त्याच डंक्यात आधी काय कांडलं होतं हे गिऱ्हाइकाला विचारूनच घ्यावं लागतं. आपल्या आठ गटांच्या यादीत तीळ आणि मोहरीही नाहीत. युरोपच्या चौदा पदार्थांत दोन्ही आहेत. त्यामुळे युरोपात विकल्या जाणाऱ्या पाकिटावर मोहरी ठळक छापावी लागते, दादरच्या दुकानातल्या पाकिटावर तशी वेगळी सूचना देण्याचं बंधन नाही. मोहरीच्या एलायझाला तिच्याच कुळातली रेपसीड ही तेलबीही मोहरीच वाटू शकते. जिऱ्यात झालं तेच इथेही होऊ शकतं, म्हणून असा निकाल दुसऱ्या पद्धतीने पडताळल्याशिवाय माल नाकारू नये आणि सोडूही नये.