तासांच्या हिशेबावर उभा राहिलेला हक्क : वॉशिंग्टन राज्याच्या काळजी-विम्याची पार्श्वभूमी

सिअ‍ॅटल, बेलव्ह्यू, रेडमंड या पट्ट्यात नोकरी करणाऱ्या मराठी माणसांच्या पे-स्लिपवर जुलै २०२३ पासून एक नवी कपात दिसू लागली. नाव ‘डब्ल्यूए केअर्स’, म्हणजे वॉशिंग्टन राज्याचा सक्तीचा काळजी-विमा; दर पगाराच्या ०.५८ टक्के. वर्षाला ५० हजार डॉलर कमावणाऱ्याचे २९० डॉलर कापले जातात. मालक त्यात काही घालत नाही, सगळा भार कामगाराचा. बदल्यात, पुढे कधी आंघोळ, जेवण, अंथरुणातून उठणं-बसणं, औषधं वेळेवर घेणं अशा रोजच्या गोष्टींपैकी किमान तीन गोष्टींना दुसऱ्याचा हात लागू लागला, तर आयुष्यभरात मिळून ३६,५०० डॉलरपर्यंत खर्च हा फंड उचलतो. ही रक्कम महागाईप्रमाणे वाढत जाईल. लाभ सुरू होण्याची तारीख ठरली १ जुलै २०२६.

हा हक्क लागू होण्याच्या अटी पहिल्यांदा वाचल्या की गोंधळायला होतं. दहा वर्षं हप्ता भरलेला हवा आणि मध्ये सलग पाच वर्षांचा खंड नको; किंवा अर्ज करताना मागच्या सहा वर्षांपैकी तीन वर्षं भरलेली हवीत; किंवा जन्म १९६८ च्या आधीचा असेल तर भरलेल्या प्रत्येक वर्षामागे पूर्ण रकमेच्या दहा टक्के. वर्ष धरलं जायला त्यात किमान ५०० तासांचं काम हवं. प्रकृतीविषयी मात्र आत येताना एकही प्रश्न नाही. मधुमेह असो, कॅन्सर होऊन गेलेला असो, कोणी विचारत नाही. हे असं का घडलं, ते समजायला थोडं मागे जावं लागतं.

अमेरिकेत पासष्टीनंतर मेडिकेअर हा सरकारी आरोग्य विमा मिळतो, त्यामुळे म्हातारपणीची सोय झाली असा पुष्कळांचा समज असतो. मेडिकेअर डॉक्टर आणि हॉस्पिटलचा खर्च बघतं. हॉस्पिटलातून सुटल्यावर ठरावीक दिवस नर्सिंगची सोयही करतं. पण वर्षानुवर्षं घरी येऊन अंघोळ घालणारं, भरवणारं माणूस मेडिकेअर देत नाही. ते काम मेडिकेड या दुसऱ्या सरकारी योजनेकडे, आणि मेडिकेड गरिबांसाठी. एकट्या माणसाच्या नावावर, राहतं घर आणि गाडीसारखे अपवाद सोडले, तर साधारण २,००० डॉलरच्या वर काही उरलेलं चालत नाही. म्हणजे आयुष्यभर नोकरी करून साठवलेलं आधी संपवायचं आणि मग सरकारी मदतीच्या रांगेत उभं राहायचं. मध्यमवर्गाला ही व्यवस्था कायम अपमानास्पद वाटत आली आहे, आणि त्यात चूक काहीच नाही.

खासगी विमा होता. पण कंपन्यांनी आपलेच अंदाज चुकीचे बांधले होते. पॉलिसी घेतलेली माणसं अपेक्षेपेक्षा जास्त जगली, पॉलिसी मध्येच सोडणारे कमी निघाले, व्याजदर खाली आले. मग हप्ते वाढले आणि बऱ्याच कंपन्या या धंद्यातून बाहेर पडल्या. ज्याची प्रकृती आधीच बिघडलेली, त्याला तर दारातूनच नकार.

केंद्राच्या पातळीवर एक प्रयत्न झाला होता. सिनेटर एडवर्ड केनेडी यांनी लावून धरलेली ‘क्लास’ योजना २०१० च्या आरोग्य कायद्यात आली. ती ऐच्छिक होती, आणि तिथेच अडली. सक्ती नाही आणि प्रकृतीची तपासणीही नाही, म्हटल्यावर आत येणार कोण? ज्यांना मदत लवकर लागणार आहे ते. त्यांच्यामुळे हप्ता चढणार, हप्ता चढला की धडधाकट माणसं बाहेर राहणार. ऑक्टोबर २०११ मध्ये आरोग्यमंत्री कॅथलीन सिबेलियस यांनी ही योजना अमलात आणता येणार नाही असं जाहीर केलं, आणि जानेवारी २०१३ मध्ये ती कायद्यातूनच काढली गेली. पैसा कोणाला मिळाला नाही, धडा मात्र मिळाला : तपासणी नको असेल तर सगळ्यांना आत घ्यावं लागतं.

जर्मनीने हे आधीच ओळखलं होतं. तिथे काळजीचा सक्तीचा विमा १९९५ मध्ये सुरू झाला. त्याआधी नर्सिंग होममधल्या वृद्धांचा खर्च नगरपालिकांच्या समाजकल्याण खात्यावर पडत होता आणि त्या मेटाकुटीला आल्या होत्या. कामगारमंत्री नॉर्बर्ट ब्ल्यूम यांनी पगारातून कपातीचा मार्ग काढला. मालकांच्या वाट्याच्या भरपाईपोटी सॅक्सनी सोडून बाकी सगळ्या राज्यांनी नोव्हेंबरातली एक धार्मिक सुट्टीच रद्द केली. जपाननेही एप्रिल २००० पासून चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाकडून हप्ता घ्यायला सुरुवात केली.

मग अमेरिकेत पहिलं पाऊल वॉशिंग्टननेच का टाकलं? माझ्या मते याची दोन ठोस कारणं आहेत. पहिलं म्हणजे घरी जाऊन सेवा करणाऱ्यांची ताकद. २००१ मध्ये इथल्या मतदारांनी या कामगारांना एकत्र येऊन सरकारशी वाटाघाटी करण्याचा हक्क दिला, त्यातून त्यांची मोठी संघटना उभी राहिली. दुसरं कारण त्याहून साधं आहे आणि त्याच्याकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. हे राज्य तास मोजतं. बेकारी भत्ता मिळायला इथे ६८० तासांचं काम लागतं, बाळंतपण किंवा आजारपणाच्या पगारी रजेला ८२० तास. मालक दर तिमाहीला प्रत्येक कामगाराचे तास रोजगार खात्याला कळवतातच. पगारी रजेचा कायदा २०१७ मध्ये झाला, २०१९ पासून तिची कपात सुरू झाली आणि यंत्रणा तयार होती. काळजी-विम्याचे ५०० तास याच वहीत बसवले गेले. आठवड्याला दहा तास, वर्षाचे पन्नास आठवडे : अर्धवेळ काम करणाऱ्यालाही गाठता यावा असा हा आकडा आहे.

टॅकोमाच्या आमदार लॉरी जिंकिन्स यांनी मांडलेलं विधेयक २०१९ मध्ये मंजूर झालं आणि गव्हर्नर जे इन्स्ली यांनी त्यावर सही केली. मूळ हिशेब दिवसाला १०० डॉलरचं एक एकक, अशी ३६५ एककं. म्हणजे साधारण वर्षभराची मदत. हे फार नाही, पण घरच्यांना सावरायला वेळ मिळतो. शिवाय सेवा करणारा मुलगा, सून किंवा जोडीदार यांनाही ठरावीक अटी पाळून यातून मोबदला मिळू शकतो.

खरी कसोटी २०२१ मध्ये लागली. त्या वर्षी १ नोव्हेंबरच्या आधी खासगी विमा घेतला तर या कपातीतून कायमची सूट, अशी मुभा होती. कपातीला पगाराची वरची मर्यादा नव्हती, त्यामुळे मोठ्या पगाराच्या आयटीवाल्यांनी विमा एजंटांकडे धाव घेतली. गर्दी इतकी झाली की कंपन्यांनी राज्यात नवीन पॉलिसी विकणंच थांबवलं. साडेचार लाखांहून अधिक लोकांना सूट मिळाली. ज्यांच्या जास्त पगारातून फंड भरायचा, तेच मोठ्या संख्येने निघून गेले. पुढे पॉलिसी चालू आहे की बंद केली, हे तपासण्याची सोयही तेव्हा केलेली नव्हती. ही मुभा देणं चूक होतं असं मला ठामपणे वाटतं. ‘क्लास’चा धडा दहाच वर्षांत विसरला गेला.

त्याच सुमाराला दुसरा आवाज उठला, आणि तो रास्त होता. निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्यांना दहा वर्षं कशी पुरी व्हायची? जानेवारी २०२२ मध्ये विधिमंडळाने कपात दीड वर्ष पुढे ढकलली आणि १९६८ पूर्वी जन्मलेल्यांसाठी टप्प्याटप्प्याचा लाभ आणला. समजा १९६३ साली जन्मलेल्या, शाळेची बस चालवणाऱ्या एक बाई आहेत. त्यांची २०२३, २०२४, २०२५ ही तीन वर्षं मोजली गेली आणि त्या निवृत्त झाल्या. लगेच मदत लागली तर सहापैकी तीन वर्षांच्या नियमाने पूर्ण रक्कम. ऐंशीव्या वर्षी लागली, तर जुन्या नियमाप्रमाणे हातात शून्य आलं असतं. आता तीस टक्के, म्हणजे मूळ रकमेवर १०,९५० डॉलर आणि वरची महागाईची वाढ. हा हक्क त्यांच्यापासून कधीच जात नाही.

याच वेळी तात्पुरत्या व्हिसावरच्या कामगारांना सूट मागण्याचा पर्याय मिळाला. आपल्या एच-१बी वाल्यांसाठी हा मोठाच बदल होता, कारण लाभ फक्त वॉशिंग्टनमध्ये राहणाऱ्यालाच मिळणार होता. पाच-सहा वर्षांनी पुण्याला परतणाऱ्याने भरायचं कशासाठी? पण ही सूट घेतल्यावर ती वर्षं खात्यात जमा होत नाहीत, आणि ग्रीन कार्डासाठी भारतीयांना किती काळ थांबावं लागतं हे सांगायला नको. जो तिथेच म्हातारा होणार आहे, त्याची मोजणी ग्रीन कार्डानंतरच सुरू होते. दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांचा प्रश्न २०२४ मध्ये सुटला : किमान तीन वर्षं, वर्षाला १,००० तास भरले असतील, तर बाहेर राहूनही हप्ता चालू ठेवता येतो. त्यांना लाभ २०३० पासून.

२०२४ च्याच नोव्हेंबरात ही योजना ऐच्छिक करावी असा प्रस्ताव मतदारांपुढे आला. मंजूर झाला असता तर ‘क्लास’चीच गत झाली असती. सुमारे ५५ टक्के लोकांनी तो फेटाळला.

एक प्रश्न मात्र या सगळ्या दुरुस्त्यांनंतरही शिल्लक आहे. हक्क पगारी कामाला जोडलेला आहे. जी बाई एच-४ व्हिसावर, म्हणजे एच-१बी वाल्याची बायको म्हणून आली, नोकरीची परवानगी नव्हती म्हणून घरी राहिली, मुलं वाढवली, सासूबाईंचं सगळं केलं, तिच्या नावावर एकही तास नाही. नवऱ्याच्या हप्त्यातून तिला काही मिळत नाही. जर्मनीत कमावत नसलेला जोडीदार सरकारी विम्यात वेगळा हप्ता न देता सामील असतो, आणि घरच्या माणसाची सेवा करणाऱ्याचे पेन्शनचे हप्तेसुद्धा काही अटींवर काळजी-विम्यातून भरले जातात. वॉशिंग्टनमध्ये तसं होईपर्यंत, पन्नाशीत ग्रीन कार्ड मिळालेल्या अशा बाईने आठवड्याला दहा-अकरा तासांची का होईना, पगारी नोकरी धरली तरी तिची वर्षं मोजली जाऊ लागतील. तिमाहीचे तास मालकाने नीट कळवले आहेत ना, एवढं तिने बघायला हवं.