नायट्याचं कडं कुठं गेलं?

मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, अंगाची लाही लाही होते, पण त्वचेचं खरं दुखणं मृग बरसल्यावर सुरू होतं. मे महिन्यातली हवा इतकी कोरडी असते की घाम दिसायच्या आत उडून जातो. जूनमध्ये हवेत दमटपणा येतो आणि तोच घाम जांघेत, काखेत, कंबरपट्ट्याखाली मुरत राहतो. त्यात घरोघरी कूलर चालूच असतात. कोरड्या हवेत गारवा देणारा कूलर पावसाळ्यात बंद खोलीतली हवा आणखी चिकट करतो, हे कुणाच्या फारसं लक्षात येत नाही.

अशा दिवसांत आधी येतात घामोळ्या. आपल्या अंगावर वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी आहेत. कातडी सतत ओली राहिली की त्यांच्या नळ्यांची तोंडं बुजतात, घाम बाहेर न पडता कातडीतच झिरपतो आणि टोचणारे लाल पुरळ उठतात. पंखा, मोकळे सुती कपडे, गार पाण्याची अंघोळ, फार तर कॅलामाइन. चार-आठ दिवसांत मिटणारं प्रकरण. लहान लेकराला घामोळ्यांवर तेल मात्र चोळू नये, बुजलेली तोंडं आणखी बुजतात.

नायट्याचं तसं नाही. नायटा किंवा गजकर्ण म्हणजे बुरशी. ती कातडीच्या वरच्या मेलेल्या थरातलं केराटिन नावाचं प्रथिन खाऊन जगते. शरीराला तिचा सुगावा लागला की तिथं दाह सुरू होतो, मधला भाग हळूहळू निवळतो आणि बुरशी कडेकडेनं बाहेर सरकते. म्हणून चट्टा गोल दिसतो, कड लाल, उंच आणि खवल्यांची. ते कडं म्हणजे बुरशी आणि शरीर यांच्या झुंजीची आघाडीच असते.

आता इथं ट्यूब येते. तालुक्याच्या गावी मेडिकलवर ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हटलं की अनेकदा हातात पडते ती तीन-चार औषधांची मिसळ: थोडं बुरशीविरोधी, थोडं जीवाणूविरोधी आणि सोबत क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोनसारखं जोरदार स्टेरॉइड. दोन दिवसांत खाज थांबते. माणूस खूश, ट्यूब घरभर फिरते. पण स्टेरॉइडनं बुरशी मारलेली नसते, शरीराचा प्रतिकार तेवढा गप्प केलेला असतो. बुरशीला रान मोकळं. ट्यूब थांबवली की खाज दुपटीनं उसळते, चट्टा जांघेतून मांड्या, कुल्ले, कंबर असा पसरतो आणि गंमत म्हणजे ते ओळखीचं गोल कडंच विरघळून जातं. डॉक्टरलाही बघताक्षणी नायटा वाटू नये असं रूप होतं. ब्रिटनमधल्या आइव्ह आणि मार्क्स या डॉक्टरांनी १९६८ मध्येच अशा बेमालूम नायट्याचं वर्णन करून ठेवलं आहे. शिवाय महिनोन्‌महिने ट्यूब चोळलेल्या जांघेत कातडी पातळ होते आणि बाळंतिणीच्या पोटावर असतात तशा रेघा उमटतात. नायटा बरा होतो, त्या रेघा राहतात.

स्टेरॉइडची अनेक मलमं केंद्र सरकारनं २०१८ मध्ये ‘शेड्यूल एच’मध्ये टाकली, म्हणजे कायद्यानं ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरी ती मिळतात. पण सगळा दोष मेडिकलवाल्याच्या माथी मारणं मला पटत नाही. त्वचारोगतज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणी, तिथं जायचं तर एसटीचं भाडं आणि एका दिवसाची रोजी बुडते. त्यापेक्षा ट्यूब स्वस्त वाटणारच.

दरम्यान बुरशीही बदलली. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी एका जातीला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव दिलं. नावातच भारत आहे. टर्बिनाफिन हे नायट्याचं नेहमीचं औषध. ते बुरशीच्या एका एन्झाइमला जाऊन चिकटतं आणि तिच्या पेशीचं आवरण बनणं थांबवतं. या नव्या जातीच्या बऱ्याच वाणांमध्ये त्या एन्झाइमचा एखादाच दुवा बदललेला असतो, पण तेवढ्यानं औषध तिथं बसत नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्येही तिचे दोन रुग्ण नोंदले गेले.

उपचार नाही असं नाही, पण तो चिकाटीचा आहे. कडेचे खवले खरवडून, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की बुरशीचे धागे दिसतात; साधी, स्वस्त तपासणी. छत्रपती संभाजीनगरचं घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेड-लातूरची शासकीय रुग्णालयं, सगळीकडे त्वचाविभाग आहेत. टर्बिनाफिन लागू पडलं नाही तर डॉक्टर बहुधा इट्राकोनाझोल देतात. मात्र गरोदरपणात ते चालत नाही, आणि काही औषधांशी त्याचं जमत नाही, म्हणून ते मनानं घेऊ नये. गोळ्या-मलम कित्येक आठवडे चालतं. खाज थांबली म्हणून सोडलं की परत पहिल्यापासून. घरात ज्याला ज्याला चट्टा आहे त्या सगळ्यांनी एकाच वेळी औषध घ्यायचं, टॉवेल-पंचा प्रत्येकाचा वेगळा, आतले कपडे रोज धुवून, उलटे करून कडक उन्हात वाळवायचे. टँकरची वाट बघणाऱ्या घराला ‘रोज कपडे धुवा’ सांगणं किती सोपं आणि करणं किती अवघड, हे लिहितानाही जाणवतं. निदान ओली जीन्स पुन्हा चढवू नये.

मग स्टेरॉइड वाईटच का? मुळीच नाही. बिब्बा उतला की ते मोलाचं औषध आहे. बिब्ब्याच्या टरफलातलं तेल कातडीला लागलं की फोड, सूज, रसरस. शरीराचा स्वतःचाच अतिरेकी प्रतिकार इथं त्रास देतो, म्हणून तो आवरणारं औषध चालतं. गाजरगवताचंही तेच. १९५० च्या दशकात पुण्याच्या आसपास प्रथम लक्षात आलेलं हे तण आज बांधाबांधावर आहे. त्यातल्या पार्थेनिनची ॲलर्जी कधीकधी बरीच वर्षं त्यात वावरल्यावर जडते, आणि वाळल्या गवताची धूळ उडून पापण्या, मान, कोपराचा खळगा इथं कातडी जाड, काळी, खाजरी होते. शाळेच्या पोरांना उघड्या हातांनी गाजरगवत उपटायला लावणारी स्वच्छता मोहीम तेवढी बंद झाली तर बरं.

रात्री वाढणारी, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती येणारी आणि घरातल्या चौघांना एकदमच सुटलेली खाज ही बहुतेक खरूज असते. ऊसतोडीच्या कोपीत एका वाकळेखाली सगळे झोपले की खरजेचा किडा या अंगावरून त्या अंगावर जायला वेळ लागत नाही. पाच टक्के परमेथ्रिनचं मलम रात्री मानेपासून पायांपर्यंत सगळ्यांनी लावायचं, सकाळी धुवायचं, आठवड्यानं पुन्हा. स्टेरॉइड इथंही रोग झाकून ठेवतं.

म्हणून ट्यूब घेताना मागची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन यांपैकी काही दिसलं आणि चट्टा कशाचा हे कुणी तपासलेलं नसेल, तर ती परत करा.

आणि जो चट्टा खाजतच नाही, फिकट किंवा तांबूस आहे, टोचलं तरी कळत नाही, त्यासाठी तर मेडिकलवर जाऊच नका. तो कुष्ठरोग असू शकतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याचं औषध फुकट मिळतं, सहा महिने किंवा वर्षभर घ्यावं लागतं, आणि नसा खराब व्हायच्या आत सुरू केलं तर हातापायांत व्यंग येत नाही.