मातीतून पाणी तीनदा जाते

भट्टीचे झाकण उघडले तेव्हा माझ्या वाडग्याच्या जागी खापऱ्यांचा ढीग होता. दोन तुकडे उडून शेजारच्या कपांत जाऊन पडले होते. गोव्यातल्या पर्वरीतला मातीकामाचा क्लास, जुलै महिना आणि माझे आयुष्यातले पहिलेच भांडे. "आत हवेचा बुडबुडा राहिला असेल," कुणीतरी म्हणाले. हे उत्तर मातीकाम शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ऐकायला मिळते, आणि बहुतेक वेळा ते चुकीचे असते. भिंतीत बुडबुडा असला तरी माती सच्छिद्र असते, त्यामुळे हळूहळू तापणारी हवा त्या छिद्रांतून निसटते. वाडगा फोडला होता पाण्याने. त्या दिवसापासून मी मातीकडे बघते ती तिच्यातल्या पाण्याचा हिशेब ठेवत.

क्लासमध्ये पहिल्याच दिवशी चाक देत नाहीत. मुठीएवढा गोळा देतात. त्यात अंगठा खुपसायचा, तळाला बोटभर जाडी राखायची आणि गोळा तळहातावर फिरवत भिंत चिमटीने वर आणायची. चौथ्या-पाचव्या फेरीला भिंत पातळ होते, काठावर केसासारख्या भेगा दिसू लागतात. ओले बोट फिरवले की त्या बुजतात. हे इतके सहज होते, की माती दाबली की वाकते आणि सोडली तरी तशीच राहते, याचे आश्चर्य वाटायचे राहूनच जाते. रबर परत येते, वाळू ढासळते. मातीच अशी का?

कारण चिकण मातीचे कण गोल नसतात. पावसापाण्याने ग्रॅनाइटसारख्या खडकातले फेल्डस्पार हे खनिज कुजत जाते आणि त्यातून केओलिनाइटसारखी खनिजे तयार होतात. त्यांचे कण म्हणजे चपट्या, बहुधा षटकोनी चकत्या. आकार दोन मायक्रॉनहून लहान. आपल्या केसाच्या जाडीत अशा तीसेक चकत्या शेजारी शेजारी मावतील. दोन चकत्यांमध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा असतो. काचेच्या दोन ओल्या बशा एकमेकींवर ठेवून बघा. घसरतात छान, पण ओढून वेगळ्या होता होत नाहीत. मातीच्या गोळ्यात हेच कोट्यवधी ठिकाणी एकदम चाललेले असते.

हे चकत्यांमधले पाणी सर्वांत आधी जाते. ते गेले की चकत्या जवळ सरकतात आणि भांडे आटते, म्हणजे आकसते. नवशिक्यांची बहुतेक रडारड इथलीच. माझ्या पहिल्या मगाचा कान मगापेक्षा बारीक, म्हणून तो आधी वाळला, आधी आटला, आणि मग अजून ओला असलेल्या मगापासून सुटून आला. उपाय साधा आहे, पण धीर लागतो. जोडायच्या दोन्ही जागा सुईने खरवडायच्या, मध्ये मातीचा पातळ घोळ लावायचा आणि सगळे भांडे प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून हळूहळू वाळू द्यायचे, म्हणजे कान आणि मग बरोबरीने आटतात. या मधल्या अवस्थेला क्लासमध्ये लेदर-हार्ड म्हणतात. मला मात्र दर वेळी खोबऱ्याच्या वड्यांची आठवण येते. थापलेले मिश्रण सुरीला चिकटत नाही, पण भुगाही होत नाही, तो नेमका क्षण. माती कापायची, कोरायची, जोडायची ती तेव्हाच.

मातीला आठवण असते, हेही तेव्हाच कळते. लाटून केलेली मातीची पोळी उचलताना वाकली आणि तुम्ही ती सपाट केली, तर डोळ्यांना ती सपाट दिसते. वाकताना आतल्या चकत्यांची दिशा मात्र बदललेली असते. वाळताना आणि भाजताना ती पोळी पुन्हा तिकडेच वाकते. माझी एक चौकोनी ताटली अशीच नावेसारखी झाली. आता मी पोळी हाताने उचलतच नाही, फळीसकट उचलते.

दुसरे पाणी फसवे. चकत्या एकमेकींना टेकल्या की आटणे थांबते, मातीचा रंग फिका होतो, भांडे कोरडे दिसते. पण चकत्यांमधल्या फटींत पाणी असतेच. गोव्याच्या जुलैत तर ते जायला तयारच नसते, कारण हवेतच इतका दमटपणा असतो की माती थोडे पाणी धरूनच बसते. माझा वाडगा आठ दिवस फळीवर होता. आमच्या शिक्षिकेने फुटलेल्या वाडग्याची हळहळ ओसरू दिली आणि दुसरे एक न भाजलेले भांडे माझ्या हातात दिले. "गालाला लावून बघ. गार लागतंय ना? मग अजून पाणी उडतंय त्यातून." बाष्पीभवन उष्णता ओढून घेते, म्हणून गार. इतकी स्वस्त आणि इतकी अचूक चाचणी मला तोवर कुणी दाखवली नव्हती.

माझ्या वाडग्याचा तळ चांगला दोन सेंटीमीटर जाड होता. त्यात चमचाभर, म्हणजे ५ मिलिलिटर पाणी उरले असेल असे धरा. १०० अंश सेल्सिअसला त्याची वाफ होते आणि ती आठ लिटरहून जास्त जागा मागते. जाड तळाच्या पोटातून इतकी वाफ पटकन बाहेर कशी पडणार? म्हणून पावसाळ्यात भट्टी काही तास शंभरच्या खालीच रेंगाळत ठेवतात. आम्ही त्या दिवशी घाई केली होती.

तिसरे पाणी ओले नसते. ते चकत्यांच्या स्फटिकातच हायड्रॉक्सिल गटांच्या, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्यांच्या, रूपात बांधलेले असते. शुद्ध केओलिनाइटच्या वजनात त्याचा वाटा सुमारे १४ टक्के असतो. साधारण ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान ते बंध तुटतात, पाणी वाफ होऊन जाते आणि स्फटिकाची रचनाच मोडते. भट्टीतली सर्वांत मोठी घटना हीच, आणि ती बाहेरून दिसत नाही. त्याच्या अलीकडची माती पाण्यात टाकली की पुन्हा चिखल होते. पलीकडची होत नाही. चतुर्थीला आपण घरी आणतो तो चिकण मातीचा गणपती अलीकडचा, म्हणून विसर्जनात विरघळतो. हुमण, म्हणजे माशांची आमटी, शिजवायचे कुंडले हे मातीचे भांडे पलीकडचे. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननात तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची खापरे मिळाली, तीही पलीकडची.

कानालाही हा फरक कळतो. कच्च्या भांड्यावर टिचकी मारली तर थप्प, भाजलेल्यावर टण्ण. हजार अंशांच्या आसपास कण जिथे टेकतात तिथे एकमेकांना जुळतात, आणि मग कंप सबंध भांडेभर पळू शकतो. घुमट या गोव्याच्या वाद्याचे मडके भाजलेले नसते तर ते घुमले नसते.

हजार अंशांना भाजलेली माती अजून सच्छिद्रच असते. त्या छिद्रांतून पाझरलेले पाणी उडते म्हणून माठ गार होतो. नागपूरच्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेत तो जितका गार होतो तितका आमच्याकडे होत नाही, कारण दमट हवा पाणी उडूच देत नाही. दोष माठाचा नसतो. छिद्रे बुजवायची तर ग्लेझ, म्हणजे भांड्यावरच वितळून बसणारी काच. नवशिक्याने एवढेच लक्षात ठेवावे, की तळाचे ग्लेझ पुसून टाकायचे, नाहीतर भांडे भट्टीच्या फळीला कायमचे चिकटते.

दुसरा वाडगा मी तीन आठवडे वाळवला आणि भट्टीत जाण्याआधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. ४१८ ग्रॅम. पहिल्या भाजणीनंतर ३७७. गेलेले ४१ ग्रॅम म्हणजे थोडा जळालेला कुजका पाला, बाकी बहुतेक तिसरे पाणी. जवळजवळ तीन मोठे चमचे, गालाला कधीच न लागलेले.

ते पाणी कायमचे गेले असे मी समजत होते. पण भाजलेली माती हवेतला ओलावा घेऊन हायड्रॉक्सिल गट पुन्हा बांधू लागते, फार सावकाश, शतकानुशतके. वजनातली ही वाढ काळाच्या चौथ्या मुळाच्या प्रमाणात होते, म्हणजे काळ सोळापट झाला की वाढ दुप्पट. २००९ मध्ये ब्रिटनमधल्या मँचेस्टर आणि एडिंबरा विद्यापीठांच्या संशोधकांनी यावरून जुन्या विटांचे वय काढण्याची पद्धत मांडली. नमुना ५०० अंशांना तापवून परत आलेले पाणी घालवायचे, तो ते किती वेगाने पुन्हा घेतो हे मोजायचे आणि मागे हिशेब करायचा. पद्धतीच्या अचूकतेवर वाद आहेत.

वाडग्याला मी ग्लेझ दिलेले नाही. तो खिडकीशी ठेवला आहे, लसूण ठेवायला. बाहेर पाऊस लागून राहिला आहे आणि वाडग्यात पाणी परतायला सुरुवात झाली आहे. माझ्या काट्याला ते कळणार नाही.