गन बिघडलेली नाही, डार्ट चेंगरलाय

आमच्याकडून फोम-डार्ट गनचा संच भाड्याने नेणाऱ्यांसाठी

शनिवार-रविवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास फोन वाजला, की पलीकडचं वाक्य आम्हाला पाठ असतं. "अहो, तुमच्या तीन गन बंद पडल्यात." मागे पोरांचा कल्ला, कुणीतरी "काका, माझीपण, माझीपण" करतंय आणि ज्यांच्या मुलाचा वाढदिवस ते गृहस्थ घामाघूम. आम्ही विचारतो, "जमिनीवरचे डार्ट उचलून भरले का?" उत्तर येतं, "मग? संपले की उचलूनच भरणार ना!"

सगळं घोडं तिथे अडतं. म्हणून हा कागद. तो पिशवीत सगळ्यात वर ठेवलाय, कारण तळाशी ठेवलेला कागद कुणी वाचत नाही हे आम्ही वर्षभर पाहिलं.

एवढं तरी वाचाच

आमची गन म्हणजे सायकलचा पंप समजा. मागचा दांडा ओढला की आतली स्प्रिंग दाबली जाते. खटका दाबला की स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे धावतो आणि त्याच्यापुढची हवा डार्टला ढकलते. सेल नाही, मोटर नाही, सगळी मदार त्या हवेवर. ती कडेने निसटू नये म्हणून डार्ट गोल असावा लागतो आणि भोकात नेमका बसावा लागतो.

डार्ट म्हणजे रबरी टोकाची फोमची गोळी. केवढी, तर साधारण ७ सेंमी लांब, सव्वा सेंमी जाड आणि वजनाला ग्रॅमभर. त्याच्यावर बूट पडला की तो चपटा होतो. चपट्या डार्टच्या बाजूने हवा निसटते आणि तो दोन पावलांवर पचकन पडतो. पोरगं म्हणतं, "गनमध्ये दम नाही." वाकलेल्या डार्टची तऱ्हा आणखी वाईट. ज्या फिरत्या चकतीत डार्ट भरतात तिच्या भोकात तो अर्धवट बसतो आणि टोक बाहेर डोकावत राहतं. चकती फिरताना ते टोक पुढच्या कडेला अडतं. चकती थांबली की दांडाही थांबतो. मग पोरगं जोर लावतं, त्याचा बाबा आणखी जोर लावतो आणि दांड्याचा दात तुटतो. ही गन मात्र खरोखरच बंद पडली.

मागच्या मे महिन्यात असाच फोन आला. पाच गन बंद. आम्ही सिंहगड रोडच्या गर्दीतून स्कूटर काढत पाऊण तासाने पोचलो. पहिल्या गनच्या चकतीतून जो डार्ट निघाला त्याच्यावर बुटाच्या तळव्याची नक्षी उमटली होती, अगदी ठसा घेतल्यासारखी. दुसऱ्यातल्या डार्टला केकचं क्रीम होतं. तिसऱ्यात दोन डार्ट एकाच भोकात कोंबलेले. पाचही गन दहा मिनिटांत चालू झाल्या, पण तोवर मुलं वेफर्स खाऊन, गच्चीवर जाऊन, दोघं-तिघं तर घरीही गेली होती. त्या गृहस्थांनी आम्हाला केक दिला, पण त्यांचा डाव गेला तो गेलाच.

यावर उपाय म्हणून संचात दोन बादल्या दिल्या आहेत, एक निळी आणि एक लाल. १० मुलांच्या संचात २०० डार्ट असतात आणि ते चार-पाच मिनिटांत जमिनीवर येतात, त्यामुळे डावही तेवढ्याच वेळाचा ठेवा. चार मिनिटं झाली की शिट्टी वाजवा. सगळ्यांनी गन भिंतीशी ठेवायच्या आणि मगच डार्ट गोळा करायचे. प्रत्येक डार्ट दोन बोटांत धरून फिरवायचा. सरळ फिरला तर निळ्या बादलीत. डुगडुगला, चपटा निघाला, ओला असला किंवा रबरी टोक सैल झालं असलं तर लाल बादलीत. पुढचा डाव फक्त निळ्या बादलीतून. लाल बादली तशीच परत आणा. त्यातले बरेचसे डार्ट आम्ही घरी वाफेवर धरून सरळ करतो, उरलेले फेकतो. हा उद्योग तुम्ही करू नका, हात पोळतो.

"यात वेळ जातो" असं अनेक जण म्हणतात. हिशोब करून बघा. चार मिनिटं डाव, तीन मिनिटं वेचणी. दीड तासात बारा डाव होतात. बारा डाव खेळून कुणाचंही पोर दमतं. आणि वेचणीलाही मुलं कंटाळत नाहीत, जास्त डार्ट गोळा करणाऱ्या गटाला पुढच्या डावात बाजू निवडू द्या, मग बघा कशी पळतात. डाव चालू असताना मात्र खाली वाकून डार्ट उचलायचा नाही, ही एक अट डाव सुरू व्हायच्या आधीच सांगा. वाकलेल्या पोराच्या चेहऱ्यावरच दुसऱ्याचा डार्ट बसतो.

तरीही एखादी गन अडकलीच, तर जोर लावू नका. तोंड जमिनीकडे करा आणि दांडा मागे ओढलेला असेल तर खटका दाबून सोडा. मग चकती हाताने हलकेच उलटी फिरवा आणि वाकडा डार्ट पुढून बोटांनी ओढून काढा. स्क्रू-ड्रायव्हर, कात्री, केक कापायची सुरी (हो, हेही झालंय) आत घालू नका. रिकाम्या गनचा खटका उगाच दाबत बसायलाही मुलांना देऊ नका. समोर डार्ट नसला की दट्ट्या थेट प्लास्टिकवर आदळतो. दोन गन जादा दिलेल्या आहेत. अडकलेली बाजूला ठेवा, जादा घ्या, खेळ चालू द्या आणि निवांतपणे आम्हाला फोन करा.

डाव कुठला मांडायचा

दुसरा नेहमीचा प्रश्न. बहुतेक जण दोन गट करतात आणि "ज्याला लागला तो बाद" असं जाहीर करतात. पहिल्या मिनिटाला बाद झालेलं पोर मग काय करणार? ते केकच्या टेबलाशी जातं, पडदा ओढतं, नाहीतर "मला लागलाच नव्हता" म्हणून भांडतं.

त्यापेक्षा आपलं विषामृत खेळा. डार्ट लागला की विष. जागच्या जागी खाली बसायचं, एक हात वर. आपल्या गटातल्या कुणी येऊन हात लावला की अमृत, पुन्हा उठायचं. नियम समजावायला अर्धं मिनिट लागतं आणि कोणीच कायमचं बाद होत नाही. प्रत्येक गटाला एक भोज्जा द्या, खांब चालेल, खुर्ची चालेल. भोज्ज्याला हात लावलेल्यावर डार्ट मारायचा नाही. लागला की नाही हे ज्याला लागला त्याने सांगायचं, मारणाऱ्याने नाही. चिडीचा डाव रडी हे मुलांना आपोआप कळतं, मोठ्यांनी मध्ये पडून निवाडे केले की मात्र रडारड सुरू होते.

मुलं दहा वर्षांच्या पुढची असतील तर साखळीच्या अंगाने जाणारा एक डाव आहे. अमेरिकेत मेरीलँडमधल्या गाउचर कॉलेजात २००५ साली विद्यार्थ्यांनी तो सुरू केला आणि पुढे अनेक कॉलेजांत पसरला. माणसं विरुद्ध झाँबी. झाँबीकडे गन नसते, तो हात लावतो आणि ज्याला हात लागला तोही झाँबी होतो. माणसांनी डार्ट मारला तर झाँबी थोडा वेळ थिजतो. कॉलेजात ही थिजण्याची वेळ १५ मिनिटं असायची, कारण तो खेळ कित्येक दिवस चालायचा. आपल्या पार्किंगमध्ये मोठ्याने दहा आकडे म्हटले तरी पुरे. सुरुवात दोन झाँबींपासून करा.

या डावाचा एक फायदा आम्ही धंद्याच्या विरोधात जाऊन सांगतो. झाँबींना गन लागत नाही, त्यामुळे १० गनच्या संचात दहाहून जास्त मुलं सहज खेळतात. मोठा संच घेण्याआधी याचा विचार करा. जादा गॉगल तेवढे घ्या, ३० रुपयांना एक.

पाच-सहा वर्षांच्या मुलांना स्प्रिंगचा दांडा ओढवत नाही. तो आमच्या गनचा दोष नाही, बोटांत तेवढी ताकदच नसते. अशांना कच्चं लिंबू करा. जुन्या मोज्यांचे बोळे करून द्या, ते फेकून मारायचे, लागला की विष. गाउचरच्या खेळातही गनच्या जोडीला मोज्यांचे बोळे चालायचे, त्यामुळे यात कमीपणा काही नाही. तीन वर्षांखालच्या बाळांना मात्र डार्टच्या आसपासही नको. रबरी टोक तोंडात जातं.

गॉगल, आणि त्यावरून होणारी हुज्जत

आमचा नियम असा: जेवढी माणसं खेळाच्या जागेत, तेवढे गॉगल. खेळणारी, बघणारी, फोटो काढणारी, सगळी. आम्हाला यावरून "फार ताणता" असं ऐकावं लागतं. ऐकतो.

साधा डार्ट सेकंदाला साधारण ७० फुटांनी सुटतो, म्हणजे ताशी ७५ किलोमीटरच्या आसपास. हाताला लागला तर टिचकी. डोळ्याला लागला तर टिचकी नाही. लंडनच्या मूरफील्ड्स नेत्र रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०१७ साली अशा तीन रुग्णांची माहिती वैद्यकीय नियतकालिकात दिली होती. तिघांच्याही डोळ्यात आत रक्त साकळलं होतं. तिघांपैकी एक अकरा वर्षांचा मुलगा, उरलेली दोघं मोठी माणसं. आमच्याकडेही गॉगल काढून ठेवणारे बाबालोकच असतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

नंबरचा चष्मा म्हणजे गॉगल नव्हे. चष्म्यावरून बसतील असे मोठे चार गॉगल प्रत्येक संचात आहेत. उन्हाळ्यात आत वाफ धरते हे मान्य. मग शिट्टी झाल्यावर काढून पुसा. गन भिंतीशी ठेवल्यानंतर.

घरच्या गन का नको

"आमच्या पिंट्याकडे स्वतःच्या दोन आहेत, त्याही आणतो." नका आणू. आम्हाला त्यांचं वावडं नाही, त्यांच्या डार्टचं आहे. बाजारात आता आखूड डार्ट मिळतात, नेमके अर्ध्या लांबीचे, शिवाय जाडे मोठे डार्ट मिळतात, फोमचे गोळे मिळतात आणि काचेला चिकटणारे वाटीच्या टोकाचे मिळतात. एकदा का हे सगळं एका बादलीत गेलं की आमच्या गनमध्ये भरलं जाणारच. आखूड डार्ट आमच्या चकतीत आत बुडतो आणि काढायला चिमटा लागतो. काही स्वस्त डार्टचं टोक तर हाताला दगडासारखं लागतं. रविवारी रात्री आम्ही नवरा-बायको जमिनीवर बसून आठशे डार्ट निवडतो, तांदळातले खडे निवडावे तसे. त्यात एकही परका डार्ट निघाला नाही तर अर्ध्या तासात होतं. निघाले तर बारा वाजतात.

मोटरच्या गनचंही तेच. त्या भारी दिसतात, पण डार्ट फेकणाऱ्या आतल्या चाकांत चपटा डार्ट गेला की अडकतात आणि सेल खातात. हव्याच असतील तर आमच्याकडे चार आहेत, दहा वर्षांपुढच्यांसाठी, वेगळ्या भाड्याने. सोबत आमचा माणूस येतो.

जागा

पार्किंग, क्लब हाउस, बंद गच्ची चालेल. पावसाळ्यात उघड्यावर नको. ओल्या डार्टच्या रबरी टोकाचा गोंद सुटतो. गाडीच्या डिकीत उन्हातही संच ठेवू नका, फोम वाकतो. गाड्यांखाली गेलेले डार्ट काढायला संचात लांब काठी आहे. भटकी कुत्री डार्ट चघळतात, त्यांना आधी वॉचमनकाकांकरवी बाहेर काढा. आणि सोसायटीच्या ग्रुपवर आदल्या दिवशी एक ओळ टाका. वरच्या मजल्यावरून पाहणाऱ्या आजींना गन खेळण्यातली आहे हे लांबून कळत नाही. याचसाठी नळीचं केशरी टोक झाकू नका, रंगवू नका.

भाडं, अनामत आणि मोजणी

१० मुलांचा संच एका संध्याकाळसाठी २,४०० रुपये, अनामत २,०००. सोमवार ते गुरुवार भाडं १,८००. डार्ट मोजून देतो, मोजून घेतो. याचा काहींना राग येतो. पण २०० पैकी १५ हरवले तरी आम्ही काही मागत नाही, त्यापुढच्या प्रत्येक डार्टचे १२ रुपये अनामतीतून घेतो. लाल बादलीतले डार्ट हरवलेले धरत नाही, त्यामुळे चेंगरलेला डार्ट लपवू नका. दांडा तुटला तर ३०० रुपये. ज्यांनी बादल्या वापरल्या त्यांच्याकडून हे ३०० अजून एकदाही घ्यावे लागलेले नाहीत.

शिट्टी सांभाळायला घरात कुणी मोकळं नसेल तर आमचा मुलगा पंच म्हणून येतो, दोन तासांचे ७०० रुपये. तो कॉलेजात आहे, त्याची परीक्षा असेल तेव्हा येत नाही. मे आणि डिसेंबरचे शनिवार-रविवार तीन आठवडे आधी भरतात.

संच दुसऱ्या दिवशी सकाळी ११ पर्यंत परत. गॉगल धुऊ नका, आमचे आम्ही धुतो. आणि निळी बादली परत करताना तिच्यात खाऊची रिकामी पाकिटं नसावीत. मागच्या वेळी समोशाची हिरवी चटणी निघाली होती, ४० डार्टांसकट.