तांदळाच्या पिशवीवर घडलेला हात

चीनमध्ये त्वेईना, म्हणजे पारंपरिक चिनी मालिश, शिकायला आलेल्या विद्यार्थ्याच्या हाताखाली लगेच माणूस येत नाही. आधी येते तांदूळ किंवा वाळू भरलेली कापडी पिशवी. हाताची मागची बाजू करंगळीकडून पिशवीवर टेकवायची, खांदा सैल सोडायचा आणि मनगट पुढेमागे लोळवत राहायचं, मिनिटाला साधारण १२० ते १६० वेळा. हात जागेवरून घसरता कामा नये, उसळताही कामा नये. मनगट भरून आलं तरी लय मोडायची नाही. दाब कसा हवा, याची कसोटी ठरलेली आहे: टिकणारा, जोरकस, एकसारखा, मऊ आणि खोलवर पोचणारा. जोरकस आणि मऊ एकाच वेळी! कणीक मळणाऱ्या अनुभवी हातांना हे सांगावं लागत नाही. बाकीच्यांना ते साधायला महिनोन्‌महिने लागतात.

'त्वेई' म्हणजे ढकलणं आणि 'ना' म्हणजे पकडून उचलणं. याहून जुनं नाव 'आनमो', म्हणजे दाबणं आणि चोळणं. आपल्या मालिशीशी तुलना केली तर एक फरक चटकन जाणवतो. त्वेईना बहुधा तेलाशिवाय, अंगावर कापड ठेवून करतात. हात कातडीवरून सरकवायचा नसतो, कातडीसकट खालचा स्नायू हलवायचा असतो.

'हुआंगदी नेइजिंग' या चिनी वैद्यकाच्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथात एक सुंदर निरीक्षण आहे. कोणती उपचारपद्धत कुठल्या प्रदेशातून आली हे सांगताना ग्रंथ म्हणतो, मालिश आणि अंग ताणण्याचे व्यायाम चीनच्या मध्यभागातले. तिथली जमीन सपाट आणि दमट, खायला नाना प्रकार, आणि लोकांना कष्ट कमी. दिवसभर खुर्चीत बसून मान अवघडलेल्या आजच्या माणसाला हे वर्णन परकं वाटणार नाही. पुढे तांग राजवटीत (६१८ ते ९०७) दरबारच्या वैद्यक खात्यात मालिशीचा वेगळा विभाग होता, शिकवायला अध्यापक होते. पण ही परंपरा गोठलेली नव्हती. वर सांगितलेली मनगट लोळवण्याची पद्धत शांघायच्या डिंग जिफेंग यांनी १९४० च्या दशकात घडवली. घराण्यात चालत आलेली अंगठ्याने दाबण्याची रीत त्यांनी बदलली आणि दाब हाताच्या मोठ्या भागावर पसरवला. परंपरा जिवंत राहते ती अशा माणसांमुळे, असं मला वाटतं.

आता दाबाखाली शरीरात काय होतं ते पाहू. कातडीतल्या मज्जातंतूंच्या टोकांवर 'पिझो-२' नावाचं प्रथिन असतं. दाबामुळे पेशीचं आवरण ताणलं, की या प्रथिनातली वाट उघडते, विद्युतभारित कण आत शिरतात आणि संदेश मेंदूकडे निघतो. हे प्रथिन शोधल्याबद्दल आर्डेम पटापुटियन यांना २०२१ चं नोबेल पारितोषिक मिळालं. स्पर्शाचे हे संदेश जाड तंतूंतून वेगाने धावतात, ठणक्याचे संदेश बारीक तंतूंतून सावकाश येतात. दोन्ही पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत पोचतात. तिथे जणू एक दार असतं आणि स्पर्शाची गर्दी झाली की दुखण्यासाठी ते थोडं मिटतं. मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी हा सिद्धांत १९६५ मध्ये मांडला. त्याचे तपशील नंतर बरेच बदलले, पण गाभा टिकला. गुडघा आपटला की हात आपोआप तिथे जाऊन चोळू लागतो, त्यामागे हेच आहे.

स्नायूंचं काय? कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये ११ तरुणांना दमेपर्यंत सायकल चालवायला लावली. मग प्रत्येकाच्या एकाच मांडीला १० मिनिटं मालिश केली आणि दोन्ही मांड्यांतल्या स्नायूंचे बारीक तुकडे तपासले. मालिश झालेल्या मांडीत दाह वाढवणारे संकेत कमी होते, आणि पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या सूत्रकणिका घडवण्याच्या कामाला चालना मिळाल्याच्या खुणा होत्या. लॅक्टिक आम्लात मात्र काहीच फरक नव्हता. मालिशीमुळे 'स्नायूंतलं आम्ल निघून जातं' हे वाक्य इतक्या ठिकाणी ऐकू येतं, की हा निष्कर्ष मुद्दाम सांगावासा वाटतो. माणसं फक्त अकरा होती आणि ही मालिश त्वेईना नव्हती, हेही ध्यानात असू द्यावं.

कंबरदुखीवर कोणत्याही प्रकारच्या मालिशीचा किती उपयोग होतो, याचा मोठा आढावा वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केला: २५ चाचण्या, ३०९६ रुग्ण. काहीच उपचार न घेणाऱ्यांच्या तुलनेत मालिश घेणाऱ्यांचं दुखणं काही काळ कमी झालं. पण चाचण्यांचा दर्जा कमकुवत होता, म्हणून संशोधकांनी ठाम ग्वाही दिली नाही. मला हे निराशाजनक वाटत नाही. चार दिवस वेदना हलकी झाली, तर माणूस उठून चालू लागतो, आणि कंबरेला चालणंच मानवतं.

त्वेईनाचा जुना नकाशा 'छी' नावाच्या प्राणशक्तीचा आणि तिच्या वाहिन्यांचा आहे. शरीरविच्छेदनात तशा वाहिन्या सापडलेल्या नाहीत. हाताचं कसब खरं मानायला त्या नकाशावर विश्वास ठेवावाच लागतो असं नाही. मात्र त्याच्या आधारे मधुमेह, कर्करोग बरा करण्याचे दावे कोणी केले, तर तिथून उठावं. त्यात उपचाराचा मोलाचा वेळ जातो.

काही वेळा मालिश टाळायलाच हवी. पोटरी सुजून गरम झाली असेल तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. ती रगडल्याने सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, हाडं ठिसूळ झाली असतील, दिवस गेले असतील, तर आधी डॉक्टरांना विचारावं. मानेला झटका देऊन 'कड्‌' आवाज काढू देऊ नये. मेंदूकडे जाणाऱ्या रोहिणीला त्याने चीर पडल्याच्या आणि पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. आणि कंबरदुखीबरोबर पायातली शक्ती गेली, जांघा बधिर झाल्या किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावं.