मागच्या चाकातून गळणारं तेल आणि रबराची एक बारीक कड

जुन्या गाडीच्या मागच्या टायरला आतल्या बाजूने, म्हणजे वाकून बघितल्याशिवाय दिसतच नाही तिथे, काळपट ओला ओघळ दिसला की काहीतरी गळतंय हे नक्की. काय गळतंय एवढंच शोधायचं, आणि तिथे संशयित दोनच, ब्रेक ऑइल किंवा ऍक्सलमधलं (दोन मागची चाकं जोडणारा आडवा भाग) गिअर ऑइल. बोटावर घेऊन बघा. ब्रेक ऑइल पातळ असतं, पाण्यात थेंब टाकला तर मिसळून जातं. गिअर ऑइल जाड, चिकट, पाण्यावर तवंग धरणारं आणि वास तर असा की एकदा हुंगला की विसरायची सोय नाही, गंधकाचा उग्र वास. तो आला तर व्हील सिलिंडरचा (चाकातला ब्रेक दाबणारा भाग) पिच्छा सोडा, हबचं, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाचं, ऑइल सील गेलंय, तेल अडवणारी रबराची कडी.

उदाहरणाला मी मॉरिस मायनर घेतोय, कारण तिच्या मागच्या ऍक्सलची रचना साधी आहे आणि ही गळती तिच्या मालकांच्या चांगल्याच ओळखीची आहे. ब्रिटनची ही गाडी १९४८ ला आली, ऍलेक इसिगोनिसने डिझाइन केलेली (तोच, ज्याने पुढे मिनी केली), १९७१ पर्यंत १६ लाखांच्या आसपास बनल्या आणि दहा लाखांचा आकडा गाठणारी ती पहिली ब्रिटिश गाडी. आपल्याकडे हिंदुस्तान मोटर्सने हीच गाडी बेबी हिंदुस्तान नावाने काढली होती, पण ती फार कमी लोकांना आठवत असेल. इंग्लंडमध्ये मात्र मायनर अजून बऱ्यापैकी पळतात, पार्ट बहुतेक सगळे नवीन मिळतात आणि लोक रविवारी घरासमोर जॅक लावून स्वतःच खोलून बसतात.

आता आत काय असतं ते बघू. मधे डिफरन्शियलचा गोळा (इंजिनचा जोर दोन्ही चाकांत वाटणारे गिअर), त्याच्या दोन्ही बाजूंना पोकळ नळ्या आणि नळीतून जाणारा शाफ्ट जो चाक फिरवतो. डिफरन्शियलमधलं तेल (सगळं मिळून एक लिटरसुद्धा नाही) शाफ्टच्या कडेकडेने नळीच्या टोकापर्यंत येतं आणि तिथल्या बेअरिंगला भिजवतं, हे मुद्दामच तसं ठेवलंय. बेअरिंग नळीच्या बाहेरून बसतं, त्याच्यावर हब. म्हणजे गाडीचं वजन नळी आणि बेअरिंग घेतात, शाफ्टचं मुख्य काम फिरवायचं. बेअरिंगपर्यंत आलेलं तेल तिथून पुढे ब्रेक ड्रममध्ये जाऊ नये म्हणून हबच्या आतल्या तोंडाला एक सील ठोकलेलं असतं. गंमत म्हणजे इथे सील हबबरोबर फिरतं आणि आतली नळी स्थिर असते, बहुतेक ठिकाणी शाफ्ट फिरतो आणि सील जागेवर असतं त्याच्या बरोब्बर उलटं. सीलला फरक पडत नाही, त्याला दोघांपैकी कोणीतरी फिरल्याशी मतलब.

आणि इथेच बहुतेकांचा गैरसमज होतो. रबराची कड घट्ट दाबून बसली, तेल अडलं, बुचासारखं, असं आपण धरून चालतो. पण कड खरोखर कोरडी घट्ट बसली असती तर ताशी ८० किलोमीटरला चाक मिनिटाला ७०० च्या आसपास फेरे घेतं, घर्षणाने ती कड काही वेळातच करपून गेली असती. कडेखाली तेलाचा थर असतोच. १९५७ मध्ये ब्रिटनमध्ये जॅगर या संशोधकांनी हे प्रयोगाने दाखवलं की चांगलं चालणारं सील तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतं, आणि हा थर साधारण एक मायक्रॉनचा (मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे आपला केस त्याच्या पन्नासपट तरी जाड. मग प्रश्न उलटा होतो, खाली तेल आहे, तर ते बाहेर का येत नाही?

कारण सील ते परत आत ढकलतं. सीलची कड कापून बघितली तर ती दोन्ही बाजूंनी सारखी नसते, तेलाकडची बाजू उभी चढाची आणि हवेकडची उतरती, लांब. कडेमागे एक बारीक स्प्रिंग असते गोल बांधलेली, ती कडेला दाबून धरते, आणि या आकारामुळे सगळ्यात जास्त दाब तेलाच्या बाजूला जवळ पडतो, हवेकडे तो हळूहळू कमी होत जातो. नवीन सील थोडं चालून रुळलं की कडेवर सूक्ष्म उंचवटे तयार होतात, डोळ्याला न दिसणारे. फिरताना घर्षणाने रबर ओढलं जातं, जिथे दाब जास्त तिथे जास्त ओढलं जातं, त्यामुळे हे उंचवटे तिरके होतात आणि तेलाला बाजूला सारायला लागतात. दोन्ही बाजूंचे उंचवटे तेल ढकलतात, पण हवेकडचा पट्टा लांब असल्याने त्याचा जोर जास्त, आणि त्याची दिशा आत. गाडी रिव्हर्स घेतली तर? रबर उलट्या बाजूला ओढलं जातं, उंचवटे उलटे तिरके होतात, तेल तरी आतच जातं. मला हा भाग फार आवडतो, काही रुपयांचं रबर आणि दोन्ही दिशांना चालणारा पंप. प्रयोगशाळेत तर चालू सीलच्या हवेकडच्या बाजूला तेलाचा थेंब सोडतात आणि तो आत ओढला जाताना बघतात.

हे एकदा समजलं की गॅरेजमधले नियम पाठ करायची गरज राहत नाही. सील उलटं बसवलं तर ते नुसतं गळणार नाही, तेल बाहेर उपसायला लागेल, म्हणून स्प्रिंगची बाजू तेलाकडे, मायनरच्या बाबतीत बेअरिंगकडे. नळीच्या ज्या जागेवर कड फिरते तिथे एमरी पेपर गोल गोल मारताना हात पुढे सरकत गेला तर तिरके ओरखडे उठतात आणि ते आट्यांसारखे तेल बाहेर नेतात, घासायचं तर पेपर एकाच जागी धरून गोल. आणि सील कोरडं बसवायचं नाही, कडेला आधी तेच गिअर ऑइल लावायचं, नाहीतर पहिल्या काही फेऱ्यांतच कड भाजते.

मग सील मरतं कशाने? एक तर म्हातारपण. हे रबर नायट्राइल, खनिज तेलाला चांगलं तोंड देतं पण गिअर ऑइलमध्ये गिअरच्या दातांवरच्या प्रचंड दाबासाठी जे गंधकाचे घटक घातलेले असतात (त्यानेच तो वास येतो) ते उष्णतेत रबरालाही हळूहळू कडक करतात. कडक कडेला ओढता येत नाही, पंप थांबतो. दुसरं कारण जास्त चक्रावणारं, मऊ रबर पोलादाला खातं. म्हणजे रबर नाही, रबरात रुतलेली धूळ खाते, वर्षानुवर्षं त्याच रेषेवर, आणि नळीवर नखाला लागेल असा खोबणीचा पट्टा पडतो. नवं सील त्या खोबणीत बसलं तर तेही गळणार. त्यावर स्टेनलेस स्टीलची पाव मिलिमीटर जाडीची बारीक बाही मिळते, ती नळीवर चढवतात, किंवा जागा असेल तर सील जरा कमी आत बसवून कड नव्या जागेवर आणतात.

तिसरं कारण सीलचं नाहीच, ब्रीदरचं. ऍक्सलच्या केसिंगवर हवा जायला एक छोटी वाट असते, ती चिखलाने आणि रंगाने हमखास बुजते. आता हिशोब करा, सकाळी १५ अंशांवर असलेला ऍक्सल हायवेवर ६० अंशांना गेला तर बंद हवेचा दाब साधारण १५ टक्के वाढतो, आणि मायक्रॉनच्या थरावर काम करणाऱ्या कडेमागे एवढा दाब आला की तेल वाट काढणारच, त्यात ते गरम होऊन पातळही झालेलं. मी तर म्हणेन हब खोलायच्या आधी ब्रीदर बघा आणि तेलाची पातळीही बघा, फिलर प्लगच्या (तेल भरायच्या भोकाचं बूच) वर तेल भरलं असेल तर जादाचं तेल नळ्यांतून चाकांकडेच जाणार.

खोलायचं काम तसं सरळ आहे. पुढच्या चाकांना ठोकळे, मागचा भाग स्टँडवर (नुसत्या जॅकवर हात आत घालू नका), आणि ज्या बाजूचं काम ती जरा उंच, म्हणजे तेल दुसऱ्या बाजूला जातं. चाक, मग ड्रम. जुन्या लायनरमध्ये (ब्रेक शूवरचा, ड्रमला घासणारा थर) ऍस्बेस्टॉस असू शकतं, ब्रिटनमध्ये त्यावर बंदी १९९९ ला आली, त्यामुळे धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. शाफ्टच्या फ्लँजचा (टोकाची चकती) स्क्रू काढला की शाफ्ट बाहेर ओढता येतो, मागे कागदी पॅकिंग आणि ओ-रिंग. मग लॉक वॉशरचा कान सरळ करून मोठा नट, आणि इथे घाई नको, डाव्या चाकाच्या नटाला उलटे आटे असतात, जोर लावायच्या आधी आटे बघा. हब पुलरनेच (ओढून काढायचं हत्यार) ओढायचा. जुनं सील उचकटताना हबची भिंत ओरखडली तर तिथून बाहेरच्या कडेने गळेल. नवं सील लाकडाच्या सपाट ठोकळ्याने चारी बाजूंनी सारखं सारखं आत, तिरकं गेलं तर काढून दुसरं घ्या.

परत जोडताना एक माप लोक गाळतात. बेअरिंगचा बाहेरचा स्पेसर (अंतर राखणारी कडी) हबच्या तोंडापेक्षा, पॅकिंग धरून, ०.०२५ ते ०.१ मिलिमीटर पुढे यायला हवा, म्हणजे फ्लँज घट्ट केल्यावर तो बेअरिंगला पकडून ठेवतो. जाड पॅकिंग कापून लावलं की हे माप बुडतं, बेअरिंग हबमध्ये हलायला लागतं, आणि हलत्या हबमधल्या सीलची कड नळीवर कधीच एकसारखी फिरत नाही. नवं सील घातलं तरी पुन्हा गळतंय अशी तक्रार असेल तर मी आधी हेच बघेन.

तेलात भिजलेले ब्रेक शू पेट्रोलने धुऊन परत लावायचा मोह होतो, पण तेल लायनरच्या आत मुरलेलं असतं आणि ब्रेक तापले की परत वर येतं, मग एक चाक धरतं, दुसरं घसरतं, गाडी एका बाजूला ओढते. शू दोन्ही चाकांचे एकदम बदला. नव्या सीलला रुळायला थोडा वेळ लागतो, सुरुवातीला ड्रमच्या मागे हलकी ओल दिसली तर लगेच परत खोलू नका, पुसून ठेवा आणि थोडं चालवून झालं की पुन्हा बघा.